चुलीपुढचे अस्वल

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास जेव्हा कुणी नीट लिहायला बसेल, तेव्हा त्यात बारामतीच्या एका स्वयंपाकघराला मानाचे पान द्यावे लागेल, असे माझे पूर्ण विचारांती झालेले मत आहे. हे मत मी आजवर दोन विद्वानांना ऐकवले. एकाने पुस्तकाचे नाव विचारले आणि दुसऱ्याने ते कुठे मिळेल असे विचारले. दोघांनाही मी उत्तरादाखल पुढची हकीकत सांगितली.

स्वयंपाकघर आमच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांचे. मी त्याच शाळेत गणित शिकवत असे, त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत असे आणि जेवतही त्यांच्याकडेच असे. एकोणीसशे तिशीनंतरची वर्षे ती. कालव्याचे पाणी येऊन बराच काळ झाला होता, उसामुळे आसपासच्या गावांत घरांवर माड्या चढल्या होत्या आणि माड्यांवर आरामखुर्च्या. मास्तरांच्या घरावर माडी नव्हती. मास्तर, त्यांची बायको आणि सहा वर्षांची मुलगी यमी, एवढेच कुटुंब. मास्तरांच्या बायकोला मी वहिनी म्हणत असे. मास्तरांना सगळे गाव मास्तरच म्हणे, आणि मीही तेच नाव चालवतो.

चित्र काढताना एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत समोरच्या वस्तूचे माप घ्यायचे, ही रीत सगळ्या चित्रकारांची आहे. मास्तर ती चित्र काढत नसतानाही पाळत. मामलेदार भाषणाला उभे राहिले की त्यांचे माप. बाजारात दोडक्याचा वाटा लावलेला दिसला की त्याचे माप. माझ्यासाठी स्थळ घेऊन दौंडच्या गाडीने एक गृहस्थ आले होते, त्यांचेही माप मास्तरांनी पाच-सहा वेळा घेतले. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. मास्तरांना मी बोललो, तर ते म्हणाले की त्यांचे डोके शरीराच्या मानाने फार लहान होते, तुम्ही नीट बघितलंत का? हा त्यांचा आवडता प्रश्न. गाडी उशिरा आली असे कुणी सांगितले तरी ते हेच विचारत. नीट बघितलंत का?

पुस्तकाचा संकल्प एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत जाहीर झाला. लहान मुलांसाठी चित्रांची काही पुस्तके शाळेत आली होती. त्यांतली मुले पहाटे उठत, दात घासत, वडीलधाऱ्यांना नमस्कार करत आणि पान उलटेपर्यंत वाकलेलीच राहत. मास्तरांनी ती सगळी चाळली आणि सांगितले की या मुलांच्या घरांत माणसे राहत नाहीत. सोळा पानांचे, घरातल्या खऱ्या माणसांचे पुस्तक आपण स्वतः काढणार. हेडमास्तरांनी विचारले, त्यातून मुलांना बोध काय होणार?

"बोध आधी ठरवला की माणसं वाकडी येतात," मास्तर म्हणाले.

स्फूर्ती घरातूनच घ्यायची हे ठरल्यावर ती कोणत्या वेळी घ्यायची, याचे त्यांनी वेळापत्रक केले आणि स्वयंपाकघराच्या दाराला खिळ्यावर अडकवले. सोमवारी भाकरी थापणारे हात. मंगळवारी वेणीफणी. बुधवारी साडेचारला मूल खेळताना. वहिनी भाकरी उचलून तव्यावर टाकणार एवढ्यात मास्तर "थांब" म्हणत. वहिनी थांबत. तवा थांबत नसे. त्या महिन्यातल्या भाकऱ्यांचे चित्र कोळशाखेरीज कशानेच काढता आले नसते. यमीला एरवी एका जागी बसवायला दोन माणसे लागत. पण बुधवारी "खेळ" असा हुकूम झाला की ती भिंतीला पाठ लावून, हात जोडून, थेट त्या पुस्तकांतल्या मुलीसारखी उभी राही. तिने रमावे म्हणून मास्तरांनी आठवड्याच्या बाजारातून एक करडू आणले. ते इतके समजूतदारपणे उभे राहिले की महिनाअखेरीस वहीत करडाची अकरा चित्रे जमली आणि कुटुंबाचे एकही नाही.

आपले कुटुंब फारच लहान, म्हणून असे होत असावे, असा निष्कर्ष काढून दिवाळीच्या सुटीत ते लासुर्ण्याला चुलतबहिणीकडे गेले. तिथे एकत्र कुटुंब होते, जेवायला सतरा माणसे. मास्तर कागद पसरून ओसरीवर बसले. त्याबरोबर बायका आत गेल्या, पुरुषांनी कोट चढवले आणि सगळे गुडघ्यांवर पंजे ठेवून रांगेने बसले. ते चित्र घेऊन मास्तर परत आले. वहिनींनी ते बराच वेळ पाहिले आणि हळूच विचारले, "कोण गेलं?"

पुढचे सांगायचे तर एक गोष्ट उघड बोलावी लागेल. त्या काळी आमच्या घरांतून बायका महिन्यातले तीन दिवस बाजूला बसत. कशाला शिवायचे नाही, कुणाला शिवायचे नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन पुन्हा कामाला लागायचे. घर मोठे असले तर त्या दिवसांत स्वयंपाक दुसरी बाई करी. मास्तरांच्या घरात दुसरी बाई नव्हती, त्यामुळे चुलीपुढे मास्तर बसत. अशी घरे गावात पुष्कळ होती आणि गावात कुणाला त्याचा पत्ता नव्हता, म्हणजे तसे कुणी बोलत नसे. मला ते पिठल्यावरून कळे.

वहिनी त्या दिवसांत मागच्या पडवीत घोंगडीवर बसत. यमीने जाऊन शिवू नये म्हणून मास्तरांनी पडवीत खडूने एक रेघ ओढून दिली होती. फूटपट्टी न लावता ओढलेली, पण दोऱ्यासारखी सरळ. पलीकडे वहिनी, अलीकडे यमी, मध्ये हातभर अंतर. समोर स्वयंपाकघराचे दार, आणि त्या दारातून चुलीपुढे बसलेले मास्तर दोघींनाही स्पष्ट दिसत.

एरवी यमीशी धड दोन वाक्ये बोलायला वहिनींना सवड नसे. दळण, पाणी, चूल, भांडी, पुन्हा चूल. या तीन दिवसांत मात्र काही करायचे नसे. पोरीला जवळ घेता येत नसे, म्हणून त्या तिला बोलण्याने धरून ठेवत. एका सकाळी शाळेआधी मी पाटावर बसून पिठल्याची वाट पाहत होतो, तेव्हा पडवीतून त्यांचा आवाज आला.

"एक होतं अस्वल. त्याला वाटायचं, आपल्याला सगळं दिसतं."

"मग?" यमीने विचारले.

"मग एक दिवस त्याला पिठलं करायची वेळ आली. मीठ कुठाय म्हणून त्यानं फळीवर बघितलं, कोनाड्यात बघितलं, एक डोळा मिटून छपराकडं बघितलं."

"आणि मीठ कुठं होतं?"

"त्याच्या हातात."

मास्तरांनी आपल्या हातातल्या मिठाकडे पाहिले. मी रिकाम्या ताटाकडे पाहू लागलो.

"अस्वलाला राग आला?" यमीने जरा दबकत विचारले.

"त्याला ऐकू येत नाही," वहिनी म्हणाल्या. "ते बघत असतं."

 मास्तरांनी चुलीतला एक विझलेला कोळसा काढला, शेजारचा पाट उलटा केला आणि त्यावर चित्र काढू लागले. पिठले आधी खदखदले, मग करपले, मग त्याचा आवाजही बंद झाला. त्या दिवशी मी उपाशी शाळेत गेलो आणि मास्तर दीड तास उशिरा आले. त्यांच्या कपाळावर कोळसा होता. मुलांनी सांगितले तरी त्यांनी तो पुसला नाही.

दारावरचे वेळापत्रक निघाले. पुढचे सात-आठ महिने मास्तर महिन्यातले सत्तावीस दिवस नुसते बसून राहत आणि तीन दिवस झपाटल्यासारखे काम करत. त्या तीन दिवसांची इतक्या उत्कंठेने वाट पाहणारा दुसरा नवरा मला माहीत नाही. अस्वल म्हणजे कोण, हे त्यांना कळले आहे की नाही, याची मला शंका होती. एकदा मी त्यांच्या खोलीत डोकावलो तर त्यांनी डब्याला टेकून आरसा उभा केला होता आणि त्यात बघत एक डोळा मिटून ते अस्वलाचे तोंड रंगवत होते. मला शंका उरली नाही. त्यांना राग आला होता का, हे मात्र मला आजही सांगता येत नाही.

चित्रे सोळा झाली. अस्वल चूल फुंकते आणि धुरात स्वतःच नाहीसे होते. अस्वल भाकरी थापते आणि ती त्याच्या पंजाला चिकटून राहते, म्हणून ते उरलेला स्वयंपाक एका हाताने करते. कोपऱ्यात आई-अस्वल बसलेले, समोर पिल्लू, आणि दोघांच्या मधून ती रेघ. ती प्रत्येक पानावर होती. एका पानावरून निघून दुसऱ्यावर जाई. तेराव्या पानावर पिल्लाने रेघेपर्यंत हात नेला आहे आणि पलीकडून आईने, आणि दोन पंजांच्या मध्ये मास्तरांनी कागद कोरा ठेवला आहे. मला चित्रातले काही कळत नाही. पण ते पान उलटायला मला वेळ लागे.

आता छापायचे कसे? निमगाव केतकीला एक मोठे बागाईतदार होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. ते शाळा कमिटीवर होते आणि छपाई करून द्यायला तयार होते. मात्र शिक्षण खात्याच्या डेप्युटीसाहेबांनी पुस्तक शाळांसाठी मंजूर केले पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. मंजूर न झालेले पुस्तक छापून ते काय उसाच्या सरीत लावायचे, असे त्यांनी विचारले, आणि ते रास्तच होते. मास्तरांनी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती. तोवर त्यांचे छापून आलेले एकमेव काम म्हणजे शाळेच्या प्रशस्तिपत्रकाची वेलबुट्टी. हे पुस्तक निघावे यापलीकडे त्यांना जगात काही नको होते, आणि ही गोष्ट डेप्युटीसाहेबांच्या एका सहीवर येऊन ठेपली होती.

डेप्युटीसाहेबांचा मुक्काम थंडीत तात्यांकडे पडला. प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीने मी आणि मास्तर गेलो. गुऱ्हाळ चालू होते. साहेबांसाठी आरामखुर्ची उसाच्या फडाकडे तोंड करून मांडली होती आणि ते द्रोणातला गरम गूळ चमच्याने, सहीच करावी तितक्या गांभीर्याने खात होते. साहेब बोलत तेव्हा अहवाल वाचून दाखवत आहेत असे वाटे. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि पाने उलटायला सुरुवात केली. मिठाच्या पानावर ते खरोखर हसले. असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात साहेबांनी स्वतःला सावरले आणि मागचे एक पान पुन्हा काढले.

"ही आई कोपऱ्यात का बसली आहे?"

 उत्तर तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होते, साहेबांनाही. चरकाचा आवाज येत होता.

"सायब," तात्या म्हणाले, "तुमच्याकडं त्या दिसांत सैपाकाचं कोण बगतं?"

"आमच्याकडे आचारी आहे," साहेब म्हणाले.

"मग तुमचं बरं हाय." तात्यांनी पुस्तक आपल्याकडे ओढले. "आमच्याकडं चार सुना हायेत. एक ना एक ह्या रेघंपल्याड असतीच. नातवंडं समदी तितंच जाऊन बसत्यात, कितीबी हाकला. मला वाटायचं, सावली हाय म्हणून बसत असतील."

साहेबांनी हे ऐकले नाही, असे ठरवले. कल्पना उत्तम आहे, चित्रे सजीव आहेत, केवळ तीन फेरफार करावेत, असे त्यांनी मास्तरांना सांगितले. आईला चुलीपुढे बसवावे, वडिलांना खुर्चीत बसवून हातात वर्तमानपत्र द्यावे. आणि ती रेघ पुसून टाकावी. तिचे प्रयोजन उरणार नाही. एवढे झाले की मंजुरी आपण स्वतः देऊ. मास्तरांनी हात लांब करून साहेबांचे माप घेतले आणि "बघतो" म्हणाले.

 घरी आल्यावर मास्तरांनी नवा कागद घेतला आणि स्वयंपाकघरात बसून चुलीपुढची आई काढायला लागले. चित्र झरझर होत होते. वहिनी समोर चुलीपुढेच होत्या, त्यामुळे आठवावे लागत नव्हते. काढता काढता त्यांनी निमगावची हकीकत सांगितली. वहिनींनी हातातली भाकरी परातीत ठेवली.

"ते पडवीतलं गावाला दाखवलंत?"

 वहिनींना विचारावे, हे मास्तरांच्या डोक्यातच आले नव्हते. माझ्याही आले नव्हते. वहिनींनी ते पुस्तक आजवर रेघेपलीकडून, लांबूनच पाहिले होते. आता त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि ते मांडीवर घेऊन पहिल्यापासून पाहायला सुरुवात केली. मला वाटले, संपले. या आता साहेबांहून पुढे जातील आणि पुस्तकच चुलीत घालतील. त्यांचे कान लाल झाले होते. तेराव्या पानावर त्या थांबल्या. मग त्यांनी मास्तरांच्या हातातले नवे पान घेतले आणि शेजारी धरले.

"ही कोण?"

"तू. चुलीपुढं."

"मग गोष्ट कोण सांगतंय?"

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मला चुलीपुढं बसवलंत तर गोष्ट सांगायला सवड कुणाला आहे?" वहिनी म्हणाल्या. "तुमचं अस्वल सोळा पानं करील काय?"

"वर्तमानपत्र वाचील," यमी म्हणाली.

"रेघ तरी पुसतो," मास्तर म्हणाले. "नाहीतर मंजुरी मिळायची नाही."

"पुसा. मग आई लेकराला जवळ का घेत नाही, ते सांगा लोकांना. खाष्ट म्हणतील मला." त्यांनी नवे पान मास्तरांपुढे ठेवले आणि परात ओढली. "छापायचं तर आहे तसं छापा. नाहीतर घरात राहू द्या. यमी आहे बघायला."

मास्तर बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसले. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी एवढे काही मागितले नव्हते, आणि ते आता हाताच्या अंतरावर आले होते. भाजी झाली, भाकऱ्या संपत आल्या. शेवटची तव्यावर पडली तेव्हा त्यांनी ते नवे पान चुलीत सारले. ती भाकरी टम्म फुगली असे मला आठवते, पण ते माझे नंतरचे कवित्वही असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डेप्युटीसाहेबांच्या कचेरीला अर्ज लिहिला. सोबत पुस्तकाची स्वतः काढलेली नक्कल जोडली. सुचवलेले फेरफार करता येत नाहीत, कारण चित्रे प्रत्यक्ष पाहून काढलेली आहेत, एवढाच मजकूर. हेडमास्तर म्हणाले की हे उद्धटपणाचे आहे आणि याचे परिणाम होतील. मी सांत्वनाची चार वाक्ये तयार करून ठेवली. मास्तरांनी धुतलेला कोट घालायला सुरुवात केली, बोलावणे आले तर असावा म्हणून. महिने गेले, परिणाम झाले नाहीत. उलट शाळेतला वर्तमानपत्राचा अंक त्यांना सर्वांच्या आधी मिळू लागला, बहुधा दयेने.

मधल्या काळात वहिनींनी मूळ सोळा पाने जाड दोऱ्याने शिवली. शेजारच्या एका बाईने ते पुस्तक तिच्या तीन दिवसांपुरते मागून नेले. मग पलीकडच्या घराने नेले. कागदाला विटाळ होतो की नाही, यावर गल्लीतल्या वडील मंडळींचा खल चालू होता. त्यांचे एकमत होण्याआधी पुस्तक सात घरांच्या पडव्यांतून फिरून आले. पुढे तात्या बाजारासाठी बारामतीत आले तेव्हा मास्तरांकडे येऊन टेकले. गोष्ट ऐकल्यापासून नातवंडे रोज अस्वल मागतात म्हणाले, आणि पुस्तक घेऊन गेले. महिन्याने पुस्तक परत आले, तेव्हा त्याच्या कोपऱ्यांना हळद लागली होती आणि सोबत निरोप होता.

"मास्तर, मधली सून म्हनती, अस्वलानं फोडणीत हिंग घातला न्हाय."

मास्तरांनी पान काढून पाहिले. खरेच घातला नव्हता. त्यांनी त्याच दिवशी फळीवर हिंगाची डबी काढली आणि वहिनींना दाखवून बरोबर असल्याची खात्री करून घेतली.

सातव्या महिन्यात कचेरीचे पाकीट आले. मास्तरांनी ते स्वयंपाकघरात नेले आणि मला वाचायला दिले. नक्कल परत आली होती, पाने स्वच्छ होती. पत्र टंकलेले होते. त्यात चुलीचा उल्लेख नव्हता, कोपऱ्यातल्या आईचा नव्हता, रेघेचाही नव्हता. ते सरकारी कागदावर लिहिण्यासारखे नव्हतेच. पुस्तक शाळांसाठी नामंजूर करण्यात आले होते, आणि कारणाच्या रकान्यात लिहिले होते की सदर प्राणी बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांत आढळत नाही.